घाट, गिअर आणि चालकाचें चित्त

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, खुला झाला. त्या काळीं बैलगाडीवानास जें भय होतें तेंच आज मालमोटारीच्या चालकास आहे. घाट चढतांना गाडी फार तर थांबते; उतरतांना ती थांबत नाहीं, हीच खरी अडचण होय.

असें कां व्हावें? २५ टन वजनाची मालमोटार ५०० मीटर खालीं येते, तेव्हां उंचीमुळें तिच्या ठायीं सांठलेली शक्ति कोठें तरी खर्च व्हावीच लागते. हिशेब करून पाहिल्यास तेवढ्या शक्तीनें सुमारें ३९० लिटर साधें पाणी उकळीस आणतां येईल. हा सारा ताप एकट्या ब्रेकांवर टाकला तर त्यांचें अस्तर तापून घर्षण कमी होतें, लोखंडी ड्रम प्रसरण पावून अस्तरापासून दूर सरतो, आणि पेडल तळापर्यंत दाबूनहि गाडी आवरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत 'ब्रेक फेल' असें छापून येतें. पुष्कळदां तो ब्रेक मोडलेला नसतो, नुसता तापलेला असतो.

म्हणून जाणता चालक ब्रेकाआधीं गिअरचा आश्रय करितो. गिअर म्हणजे दांतेरी चक्रांची जोडी. खालच्या गिअरमध्यें चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनास अनेक फेरे करावे लागतात. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं, एंजिन चाकांस फिरविण्याऐवजीं चाकेंच एंजिनास फिरवूं लागतात, आणि एंजिन आपल्या घर्षणानें व हवा ओढण्या-सोडण्याच्या श्रमानें त्यांस मागें धरतें. कित्येक गाड्यांत धुराची वाट अडवून हा विरोध वाढविणारा एक्झॉस्ट ब्रेकहि असतो. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्यें तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम यावरूनच निघाला आहे.

परंतु खालचा गिअर टाकणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत चक्रांचे वेग आपोआप जुळविणारी योजना प्रथम आली. तत्पूर्वीं, आणि मालमोटारींत त्यानंतरहि दीर्घकाळ, हें काम चालकासच करावें लागे. क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्यें आणावयाचा, क्लच सोडून एंजिनाचा वेग वाढवावयाचा, पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा. यास 'डबल क्लच' म्हणतात. वेग जुळला कीं नाहीं हें कान सांगतो. चुकला तर दांते खरखरतात आणि गिअर बसत नाहीं. भर उतारावर असें झालें म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येंच राहते, क्षणोक्षणीं वेग घेते, आणि मग नव्या योजनेच्या गाडींतहि खालचा गिअर घेणें कठीण होतें. यास्तव गिअरचा निर्णय उतार सुरू होण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे.

डिझेल वाचविण्यासाठीं कांहीं चालक मुद्दाम न्यूट्रलमध्यें घाट उतरतात. हा तर निव्वळ भ्रम आहे. आधुनिक डिझेल एंजिनांत गाडी गिअरमध्यें असून ॲक्सिलरेटर सोडलेला असतां इंधन बंदच होतें. उलट न्यूट्रलमध्यें एंजिन चालूं ठेवण्यापुरतें तें जळत राहतें.

आतां हात, पाय आणि कान असे गुंतलेले असतांना चालकाच्या खिशांतला फोन वाजतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ५ सेकंदांत ८३ मीटर जाते, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढें एक मांडल्या असतां होणारें अंतर. तेवढें अंतर ती गाडी आंधळी धांवली म्हणावयाचें. कानांत यंत्र अडकविल्यानें हात मोकळा होतो हें खरें, पण मन कोठें मोकळें होतें?

दोष केवळ मालमोटारवाल्यांचा आहे असेंहि नाहीं. ब्रेकांस अवसर मिळावा म्हणून चालक पुढें जी मोकळी जागा राखतो, तींत लहान मोटारवाला खुशाल घुसतो आणि फोनकडे पाहत वेग कमी करितो. माझ्या मतें हा अधिक अपराधी. कारण त्याच्या चुकीचा भार २५ टनांच्या गाडीस उचलावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन, चालवितांना हातीं फोन धरून वापरणें हें धोकादायक चालविण्यांत गणलें गेलें आहे. पण वळणावळणावर पोलीस कोठून असणार?

आणि तो फोन नेहमीं व्यापाऱ्याचाच असतो असें नाहीं. बहुधा तो घरचा असतो. 'बाबा, कोठपर्यंत आलांत?' एवढेंच मुलास विचारावयाचें असतें. यासाठीं कित्येक चालक घाटमाथ्यावर गाडी बाजूस उभी करून घरीं बोलून घेतात, चाकांभोंवतीं एक फेरी मारतात, चहा घेतात, आणि फोन खालीं ठेवून खालच्या गिअरमध्यें उतरूं लागतात. पायथ्याशीं पोहोंचावयास त्यांस इतरांपेक्षां थोडा वेळ अधिक लागतो.