परवलीच्या शब्दांची तिजोरी

कार्यालयीन कामकाजात संगणकाचा वापर वाढला, तशी परवलीच्या शब्दांची संख्याही वाढली. ते ध्यानात राहत नाहीत म्हणून मेजावरील काचेखाली चिठ्ठी ठेवली जाते. हीच चूक कित्येकदा आज्ञावली लिहिणाऱ्यांकडूनही होते. परवलीचा शब्द साध्या फाइलीत लिहून ठेवला, तर फाइलीची नक्कल घेणाऱ्यास तो आयताच सापडतो.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या कार्यप्रणालीत स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली आहे. गुप्त माहितीचे सांकेतिक रूपांतर करण्याची सोय विंडोज २००० मध्ये आली. परवलीचे शब्द जतन करणारे भांडार २००१ च्या विंडोज एक्सपीपासून उपलब्ध झाले.

भांडाराचा व्यवहार

तिजोरीच्या खोलीत कोणी परस्पर शिरत नाही. खिडकीवर मागणी नोंदवावी लागते. तसेच येथे आहे. आज्ञावली कार्यप्रणालीकडे ठरावीक शब्दांत मागणी करते. अशा मागणीस ‘कॉल’ म्हणतात. ‘क्रेडराइट’ने नोंद ठेवली जाते, ‘क्रेडरीड’ने ती मिळते, ‘क्रेडएन्युमरेट’ने नोंदींची यादी येते आणि ‘क्रेडडिलीट’ने नोंद काढून टाकता येते. प्रत्येक नोंदीत ती कोणत्या सेवेसाठी आहे ते नाव, वापरकर्त्याचे नाव आणि गुप्त मजकूर असतो. नोंद केवळ चालू सत्रापुरती ठेवावयाची की पुढील सत्रांसाठीही, हेही सांगता येते. मिळालेला शब्द काम होताच संगणकाच्या स्मृतीतून पुसणे आणि ‘क्रेडफ्री’ने जागा मोकळी करणे, ही मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याची जबाबदारी होय.

किल्ली कोणाकडे?

भांडारातील मजकूर सांकेतिक रूपात असतो. त्याची किल्ली वापरकर्त्याच्या लॉगिनशी निगडित असते. म्हणून एका वापरकर्त्याच्या नोंदी दुसऱ्याच्या लॉगिनमधून सहजी वाचता येत नाहीत.

तथापि, या संरक्षणाला मर्यादा आहे. ही भिंत दोन वापरकर्त्यांमधील आहे, दोन आज्ञावलींमधील नव्हे. एकाच लॉगिनखाली चालणारी कोणतीही आज्ञावली त्यातील सर्वसाधारण नोंदी मागू शकते. त्यामुळे जेथे चार कर्मचारी एकाच लॉगिनने काम करतात, तेथे तिजोरी असूनही ती उघडीच राहते. उद्या कोणी अनधिकृत व्यवहार केला, तर तो कोणाच्या हातून झाला हे सांगणेही अवघड होते.

आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. वापरकर्त्याने जुना शब्द देऊन आपला लॉगिन शब्द बदलला, तर नोंदी सुरक्षित राहतात. परंतु सुट्या संगणकावरील स्थानिक खात्याचा शब्द प्रशासकाने सक्तीने नव्याने दिला, तर जुन्या नोंदी उघडत नाहीत. असा बदल करण्यापूर्वी संबंधितास कल्पना देणे इष्ट ठरते.

कार्यालयांनी काय करावे?

प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र लॉगिन द्यावे. जागा सोडताना पडदा कुलूपबंद करावा. अनोळखी आज्ञावली संगणकावर बसवू नये. बदली अथवा निवृत्तीच्या वेळी कंट्रोल पॅनलमधील क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून निरुपयोगी नोंदी काढाव्यात आणि त्या त्या सेवेचे शब्दही बदलावेत. तिजोरी कार्यप्रणालीने दिली आहे. किल्लीची राखण मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे.