सरळ काप, शाबूत बोटं

घरात फर्निचरचं काम निघालं की आठ बाय चारच्या प्लायवूडच्या शीट येतात आणि त्यांच्या मागोमाग सर्क्युलर सॉ. सात इंची पात्याचं हे हातमशीन मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतं. काप वाकडा गेला तर शीट वाया जाते. मशीन उसळलं तर हात किंवा मांडी जाते. या दोन्हींचं मूळ बहुधा एकच असतं, चिरेत तिरकं झालेलं किंवा अडकलेलं पातं. त्यामुळे अचूक कापण्याची तयारी हीच सुरक्षिततेचीही तयारी ठरते.

सगळ्यात मोठी चूक आधाराची होते. शीटची दोन टोकं दोन स्टुलांवर टेकवून मधोमध कापायला घेतलं, की काप पुढे जाईल तशी शीट स्वतःच्याच वजनाने झुकते. चिरेच्या वरच्या कडा जवळ येतात आणि पातं आवळलं जातं. फिरणाऱ्या पात्याला वाट मिळाली नाही, की मशीन उसळी मारून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. यावर उपाय साधा आहे. जमिनीवर चार सारख्या जाडीच्या रिपा ठेवा, कापाच्या रेषेच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन. मग काप पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात.

पुढची पायरी खोलीची. १८ मिलिमीटरच्या प्लायसाठी पातं २२ ते २४ मिलिमीटर खाली आलं तरी पुरे. ही खोली ठरवताना किंवा पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा. दात खालून वर कापत येतात, म्हणून छिलके वरच्या बाजूला उडतात. सनमायका लावलेली बाजू खाली ठेवा.

नुसत्या नजरेच्या भरवशावर रेषा पकडू नका. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळा आणि मशीनचा तळ तिला टेकवून चालवा. पट्टी रेषेपासून किती अंतरावर लावायची, हे टाकाऊ तुकड्यावर कळतं. पट्टी लावून एक काप घ्या आणि पट्टीपासून चिरेच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून मशीनवरच लिहून ठेवा. चीर दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. ती टाकाऊ भागात गेली पाहिजे.

कापताना रेषेच्या सरळ मागे उभं राहू नका, थोडं बाजूला राहा. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच ते लाकडाला लावा. काप भरकटला तर मशीन वळवून सुधारू नका; स्विच सोडा, पातं थांबू द्या आणि मग पुन्हा सुरुवात करा. गॉगल आणि मास्क हवेतच. बाह्या ढगळ नकोत. खालचं गार्ड आपोआप मिटतंय ना, हे रोज तपासा. ते तार बांधून उघडं ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आपल्याकडे अनेक साइटवर चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापला जातो. हे मशीन मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतं आणि त्याला खालचं मिटणारं गार्डच नसतं. स्विच सोडल्यावरही पातं काही काळ उघडंच फिरत राहतं. कटर स्वस्त आणि हलका म्हणून मिस्त्री तोच उचलतो. कामाचा दर ठरवतानाच घरमालकाने आणि कंत्राटदाराने प्लाय कोणत्या मशीनने कापणार, हे विचारावं आणि योग्य मशीनचा खर्च त्या दरात धरावा. कारागिराची बोटं सांभाळणं ही त्याच्या एकट्याची जबाबदारी नाही.