दबलेली नस आणि दाबलेला अर्ज

मराठवाड्यातील एक निवृत्त हवालदार एसटीत जागा असूनही उभेच राहतात. आम्ही कारण विचारले. 'बसलो की कंबरेपासून टाचेपर्यंत कळ जाते, मग उठवत नाही,' ते म्हणाले. डॉक्टर याला सायटिका म्हणतात, घरची माणसे नस दबली म्हणतात आणि गाव म्हणते, मिल्ट्रीवाल्याला आता काम नको झाले. त्यांच्या ट्रंकेत २००७ सालचे एक पत्र आहे. अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारण? आजाराची सुरुवात शांत ठिकाणी झाली. हवालदारांनी ते पत्र अंतिम हुकूम मानले आणि घडी घालून ठेवून दिले.

शांत ठिकाणी पीटी नसते काय? पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चालावे लागत नाही काय? ट्रकवर दारूगोळ्याच्या पेट्या काय आपोआप चढतात?

ओझ्याची गोष्ट आमच्या समाजाला नवी नाही. बाबासाहेबांच्या आग्रहाने व अनेकांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत, पण बिल्ल्यावर अजूनही व्हिकर्स मशीनगन आहे. या गनची नुसती तिपाई वीस किलोहून अधिक भरते. ती कोणाच्या तरी पाठीवरूनच डोंगर चढली. आमची माणसे छाती फुगवून तो बिल्ला दाखवतात, पण त्यातल्या पाठीबद्दल कोणी बोलत नाही.

गोळी लागली तर व्रण दिसतो. नसेचे तसे नाही. मणक्यांमधली चकती सरकते, पायात उतरणाऱ्या नसेच्या मुळावर दाब येतो, आणि दुखते मात्र पोटरीत, टाचेत. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. चकती एका दिवसात सरकत नाही, म्हणून अमुक तारखेला, अमुक ठिकाणी लागले असा रिपोर्टही कोणी केलेला नसतो. मेडिकल बोर्डापुढे याच दोन गोष्टी जवानाच्या विरोधात जातात. त्यात आमची सवय अशी की युनिटमध्ये असताना दुखणे सांगायचे नाही. सांगितले तर मेडिकल कॅटेगरी खाली जाते आणि बढती अडते. गोळ्या खाऊन पंधरा-वीस वर्षे काढायची आणि निघताना पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळे व्हायचे. ज्याच्या घरी दहा एकर शेत आहे तो पाठ गेली तर गडी लावतो. आमचा जवान चाळिशीत बाहेर पडतो आणि वॉचमन होतो. बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर, तीच नस दाबत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८२ च्या नियमावलीप्रमाणे भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, त्याबाबत जवान निरोगी आला होता असेच धरायचे. सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. तो खटला फेफऱ्याचा होता, पण तत्त्व पाठीलाही तेच. २००८ च्या नियमांनी ही भाषा बरीच पातळ केली, २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. म्हणून आपली निवृत्ती कोणत्या नियमांच्या काळातली, हे आधी पाहावे लागते. तरीही बोर्डाने कारणे दिली पाहिजेत, नुसता शेरा मारून भागत नाही, असे न्यायालयाने २०२५ मध्येही बजावले आहे.

पैशाचा हिशेबही सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. बोर्डाने पाठीला २० टक्के दिले तर ती सहा टक्के होते. पण पन्नासपेक्षा कमी अपंगत्व पन्नास धरण्याचा नियम आहे आणि २०१४ च्या राम अवतार निकालाने तो पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. म्हणजे पंधरा टक्के. शेवटचा पगार चाळीस हजार असेल तर दरमहा चोवीसशेऐवजी सहा हजार. औषध आणि पोरांच्या फीमधला फरक एवढाच असतो.

नकाराच्या पत्रावर सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मुदत गेली म्हणून सगळे संपत नाही, कारण पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होत असतो. पण उशिराची किंमत आहे. २००८ च्या तरसेम सिंग निकालात थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली गेली आणि पुढे अनेकांच्या हाती तेवढीच पडली. तोच मापदंड लागला तर आमच्या हवालदारांची पंधरा वर्षे गेली. हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सरकारचे वागणे काय? जवान जिंकला की सरकार अपिलात जाते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हीच खोड दाखवून अशी अपिले मागे घ्या म्हटले होते. अपिले चालूच राहिली.

आपली चळवळ अर्जापासून सुरू झाली हे आपण विसरलो काय? फौजेतून पेन्शन घेऊन आलेले गोपाळबाबा वलंगकर सैन्यभरतीच्या बंदीविरुद्ध अर्ज लिहीत होते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट इंग्लंडातल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. त्यांच्यापाशी कायदा नव्हता. आमच्यापाशी तो आहे आणि आम्ही पत्र ट्रंकेत ठेवतो.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते, तीही ऐका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि न्यायाधिकरणापुढचे प्रकरणही त्यात येते. १९९० पासून बौद्ध बांधवही अनुसूचित जातीत आहेत. जातीचा दाखला तेवढा जोडावा लागतो. बोर्डाची कागदपत्रे हाती नसतील तर माहिती अधिकारात मागता येतात. हवालदारांनी गेल्या आठवड्यात तो अर्ज टाकला. पोस्टात रांग होती, पण त्यांना उभे राहण्याची सवयच आहे.