जुनी आरएक्स १०० पुन्हा रस्त्यावर आणायची? आधी चेसिस नंबर, मग रंग

घरात ताडपत्रीखाली एखादी जुनी बाईक उभी असेल, तर तिची कॅफे रेसर करायचा विचार तुमच्याही डोक्यात एकदा तरी आला असेल. रीलमध्ये हे काम साठ सेकंदांत होतं. ग्राइंडर, ठिणग्या, नवी सीट, संपलं! मी सॉफ्टवेअरवाला. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी बाईकचं इंजिन उघडायची ही पहिलीच वेळ. सोलापुरात आमच्या घरी बाबांची १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० होती. बाबांची अट एकच: गाडी त्याच नंबरवर, कायद्याने रस्त्यावर चालली पाहिजे, शोभेची नको. या एका अटीमुळे कामाचा सगळा क्रमच बदलला, म्हणून तो क्रम इथे सांगतोय.

ज्यांनी ही गाडी फक्त इन्स्टावर पाहिलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. एस्कॉर्ट्स आणि यामाहाने ती १९८५ मध्ये भारतात आणली, १९९६ मध्ये बंद झाली. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. मजा त्या वजनात आहे.

'व्हिंटेज' कोणाला म्हणायचं?

आपण जुनी दिसली की व्हिंटेज म्हणतो. केंद्राचे २०२१ चे नियम तसं मानत नाहीत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन अशा कामांपुरतीच. १९८५ मध्ये ५० मिळवा. म्हणजे २०३५ पर्यंत देशातली एकही आरएक्स १०० कायद्याने व्हिंटेज होऊ शकत नाही. ओएलएक्सवर त्या शब्दासाठी जास्त पैसे मागणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

मग आपली गाडी कशात मोडते? साध्या जुन्या गाडीत. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा, आणि सोबत पर्यावरण कर. पाना उचलण्याआधी एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघा. जुनी पुस्तकी आरसी असेल तर कदाचित काहीच दिसणार नाही, कारण ती नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते. अशा वेळी आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची. हे होत नसेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका.

दुसरी गोष्ट कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. तपासणीच्या वेळी इन्स्पेक्टर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघतो. चेसिस नंबर हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेला असतो. सँडब्लास्टिंगने तो झिजू शकतो आणि पावडर कोटिंगच्या जाड थराने बुजू शकतो. म्हणून फ्रेम पाठवण्याआधी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, फोटो काढा आणि जाड टेप लावून 'या जागेला हात लावू नका' असं कोटिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा. नंबर एकदा गेला, की कागदावर ती गाडी तुमची आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

इंजिन आणि उसाचं पेट्रोल

पिस्टन, बोअर, क्रँकची सील हे काम लेथवाल्याचं आणि अनुभवी मिस्त्रीचं. ते त्यांनाच करू द्या. आपण समजून घ्यायची ती गोष्ट वेगळी आहे: ही गाडी १९८५ च्या पेट्रोलसाठी बनली होती, आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने कमी नाहीत, त्यामुळे टाकीत आपलाच ऊस पडतोय म्हणायला हरकत नाही!

साधं पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलोच पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ८ ते ९ टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. कार्बोरेटरला मात्र फीडबॅकच नाही; जेटच्या भोकातून जेवढं येईल तेवढंच. परिणामी मिश्रण 'लीन' होतं, इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टन सीझ होण्यात होऊ शकतो. त्यात आपला एप्रिल-मे चाळिशीच्या पुढे, आणि इंजिन फक्त वाऱ्यावर थंड होणारं.

उपाय स्वस्त आहे. मेन जेट एकावेळी एकच नंबर वाढवायचा. जेट एकाच कंपनीचे घ्या, दोन कंपन्यांचे आकडे जुळतीलच असं नाही. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. पांढराफटक म्हणजे लीन, काळाकुट्ट म्हणजे इंधन जास्त, चॉकलेटी म्हणजे जमलं. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरमधले रबर इथेनॉल सहन करणारे टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

बदल कुठे करायचे

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल यांचा अर्थ सरळ आहे: आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ गाडी यांच्यापेक्षा वेगळं काही बनवायचं नाही. शिक्षा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आरएक्स १३५ चा ब्लॉक बसवला की सीसी बदलली. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचं काय होतं ते रोड रोलरच्या व्हिडिओंत बघितलंच असेल.

मी हिशेब सोपा ठेवला. पान्याने सुटतं ते बदलायचं, ग्राइंडर लागतो ते नाही. फ्रेमची मागची शेपटी कापू नका. मागचे शॉकअप तिथेच वर टेकलेले असतात. सीटचं कव्हर, ग्रिप, आरसे एवढंच बदललं, आणि वायरिंग, कारण तिथे माझा हात बसतो. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो. म्हणून सिग्नलला तो मंद होतो आणि साधा एलईडी लावला तर थरथरतो. रेक्टिफायर-रेग्युलेटर टाकून डीसी केलं. ३५ वॅटच्या बल्बऐवजी १८ वॅटचा एलईडी बसवला. वाचलेल्या १७ वॅटमध्ये १० वॅटचा यूएसबी चार्जर मावतो. त्याला वेगळा स्विच आणि फ्यूज. बॅटरी फक्त अडीच अँपिअर-अवरची, इंजिन बंद असताना फोन लावू नका. मूळ वायरिंग कुठेही तोडलेलं नाही, सगळं कनेक्टरने जोडलंय.

गाडी सुरू करण्याआधी एक काम उरतं. आरएक्सचं टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने येतं. इंजिन उघडल्यावर त्या नळीत हवा अडकते, आणि हवा आली म्हणजे ऑइल नाही. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पहिल्या टाकीपुरतं मी पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली ऑइल घातलं. धूर झाला, शेजाऱ्यांची बोलणीही खाल्ली. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायचं नाही आणि एकाच वेगात फार वेळ चालवायचं नाही. तुळजापूरचा घाट त्यानंतर.