पालक क्लासचा कन्स्ट्रक्टर आपोआप चालत नाही

पीएचपीत ‘खाते’ नावाचा क्लास आहे असे समजा. त्यात खातेदार आणि शिल्लक अशा दोन प्रॉपर्टी आहेत. ऑब्जेक्ट तयार होताना कन्स्ट्रक्टर त्या भरतो. आता ‘खाते’ला एक्स्टेंड करून ‘बचतखाते’ हा क्लास केला. त्यात वेगळा कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर ‘खाते’चाच कन्स्ट्रक्टर वारशाने मिळतो आणि सगळे सुरळीत चालते.

बचतखात्याला व्याजदर हवा म्हणून त्यात नवा कन्स्ट्रक्टर लिहिला, की पालकाचा कन्स्ट्रक्टर बाजूला पडतो. पीएचपी तो स्वतःहून बोलावत नाही. व्याजदर भरतो, शिल्लक मात्र कोरीच राहते. तिला टाइप दिलेला नसेल तर तिची किंमत नल असते. तीत 500 जमा केले की उत्तर बिनबोभाट 500 येते; सुरुवातीची रक्कम हिशेबात धरलीच जात नाही. टाइप दिलेला असेल आणि डिफॉल्ट किंमत नसेल, तर शिल्लक वाचताच एरर येतो. टाइपची ही सोय पीएचपी 7.4 पासून आहे. तो एरर परवडला, कारण चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

उपाय एका ओळीचा आहे. नव्या कन्स्ट्रक्टरमध्ये पेरेंट::__कन्स्ट्रक्ट() असे लिहून खातेदार आणि शिल्लक पालकाकडे सोपवायचे. ही ओळ सर्वांत आधी असावी अशी सक्ती नाही, पण आधी लिहिली की पुढच्या ओळींना भरलेली शिल्लक मिळते.

दुसरा प्रश्न प्रॉपर्टीपर्यंत पोहोचण्याचा. शिल्लक प्रायव्हेट असेल तर ती ऑब्जेक्टमध्ये असते, पण ‘बचतखाते’च्या मेथडला दिसत नाही. वाचायला गेले तर अशी प्रॉपर्टीच नाही, अशी वॉर्निंग येते. लिहायला गेले तर त्याच नावाची दुसरी, डायनॅमिक प्रॉपर्टी तयार होते. मग पालकाची मेथड जुनी शिल्लक सांगते आणि बचतखात्याची मेथड नवी. 8.2 पासून असे करताना डेप्रिकेटेड असा इशारा मिळतो. प्रोटेक्टेड ठेवल्यास दोन्ही क्लास एकच शिल्लक पाहतात. बाहेरच्या कोडला मात्र ती बंद राहते.

तरीही सगळेच प्रोटेक्टेड करू नका. शिल्लक प्रायव्हेटच ठेवा, ‘खाते’मध्ये जमा आणि खर्च अशा मेथड द्या आणि बचतखात्याला त्याच वापरू द्या. म्हणजे शिल्लक चुकली, तर शोध एकाच क्लासमध्ये घ्यावा लागेल.