हिवतापाशी झुंज – लेखांक ५ : औषध आहे, पण कपाटात आहे का?

मागच्या आठवड्यात आर्टेमिसिनिनची ओळख झाली. हे औषध रक्तातल्या परजीवींचा झपाट्यानं फडशा पाडतं, पण काही तासांतच शरीरातून निघून जातं. उरलेसुरले परजीवी संपवायला रक्तात काही दिवस टिकणारं दुसरं औषध सोबत लागतं. शिवाय एका औषधाला न जुमानणारा परजीवी दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. म्हणून २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जोड-औषधांची शिफारस केली. आफ्रिकेत सर्वाधिक चालणारी जोडी आर्टेमेथर (आर्टेमिसिनिनचंच एक रूप) आणि ल्युमेफँट्रिनची. मोठ्या माणसाला तीन दिवसांत चोवीस गोळ्या.

शिफारस झाली, देशांनी धोरणं बदलली आणि २००४ च्या अखेरीस औषधाचाच तुटवडा पडला. कारण आर्टेमिसिनिन शेतात पिकतं. झुडूप वाढायला काही महिने, मग पानांतून अर्क, त्यावर रासायनिक प्रक्रिया, मग गोळी. पेरणीपासून वर्ष उलटून जातं. आज मागणी वाढली म्हणून उद्या माल वाढत नाही. भाव किलोमागे हजार डॉलरच्या वर गेला, तसे शेतकरी या पिकाकडे धावले. २००७ पर्यंत भाव दोनशेच्या आसपास कोसळला आणि अनेकांनी पीक सोडलं. कांद्याचं असंच चक्र आपण दर दोन-चार वर्षांनी पाहतो. फरक इतकाच, की इथे पुढच्या टंचाईची किंमत तापानं फणफणलेली लेकरं मोजतात.

कारखान्यात माल असूनही खेड्यात नसतो, हे दुखणं तर वेगळंच. टांझानियाच्या तीन जिल्ह्यांत यावर साधा उपाय करून पाहिला गेला. १२९ आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांनी दर आठवड्याला शिल्लक पाकिटांचा आकडा मोबाईलवरून कळवायचा. सुरुवातीला ७८ टक्के केंद्रांत हिवतापाचं एखादं तरी औषध संपलेलं होतं. एकवीस आठवड्यांत हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. गोळी तीच होती. कुठे काय संपलंय, हे वेळेवर कळू लागलं, एवढंच बदललं.

आपल्या गडचिरोलीला हे लागू पडतं. फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापासाठी आपल्याकडे तीन दिवस आर्टेसुनेट (हेही आर्टेमिसिनिनचंच रूप) आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. पाकिटं वयानुसार रंगीत : वर्षाच्या आतल्या बाळाचं गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळं, मोठ्यांचं पांढरं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि हिवतापाचाही जोर पावसाळ्यातच. म्हणजे आशाताईंच्या पिशवीत प्रत्येक रंगाचं पाकीट जूनआधीच पोचलेलं हवं. नुसता एकूण साठा मोजून भागत नाही. पिवळं संपलं की पांढरं फोडून, अंदाजानं तुकडे करून मुलाला देण्याची वेळ येते. मात्रा कमी पडली तर ताप उतरतो, परजीवी मात्र उरतो, आणि तोच उद्या औषधाला दाद देईनासा होतो.

(पुढील आठवड्यात : पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिनचा प्रभाव मंदावला तेव्हा)