पारडं जड असताना बरोबरी का मागितली?

समोरच्या दुकानदाराने तेल दोन रुपयांनी उतरवलं की तुमचा हात लगेच भावाच्या पाटीकडे जातो ना? थांबा. आधी बुद्धिबळातला एक डाव सांगतो.

नोव्हेंबर 2018, लंडन. जागतिक अजिंक्यपदासाठी मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना समोरासमोर. रेटिंग बघा, 2835 आणि 2832. उन्नीस-बीससुद्धा नाही! पहिलाच डाव 115 चाली, सात तास चालला आणि बरोबरीत सुटला. पुढचे दहाही तसेच.

बारावा, शेवटचा डाव. कार्लसनकडे काळी मोहरी, तरी पटावर त्याचंच पारडं जड. घड्याळातही वेळ जास्त. आणि 31व्या चालीला त्याने बरोबरीचा प्रस्ताव ठेवला! कारुआनाने तो घेतला. कार्लसन कच खातोय की काय, अशी शंका खुद्द गॅरी कास्पारोव्हने घेतली. वर पैशांचं गणित वेगळंच. बाराव्या डावात जिंकला असता तर 10 लाख युरोंतले 60 टक्के, टायब्रेकमध्ये जिंकला तर 55. म्हणजे 50 हजार युरोंवर पाणी.

माझ्या मते हिशोब साधा होता. बरोबरीनंतर खेळच बदलणार होता. आता जलद डाव, प्रत्येकी 25 मिनिटं, आणि तिथे कार्लसनचं रेटिंग सुमारे 90 गुणांनी जास्त. दोन दिवसांनी निकाल लागला, 3-0.

आता आपल्या दुकानात या. साखर-तेलात तुम्ही आणि समोरचा सारखेच, होलसेलर बहुतेक एकच. मी इथेच फसलो होतो. पहिल्या वर्षी मी रुपया उतरवायचो, तोही उतरवायचा. गर्दी दोघांकडे, गल्ला दोघांचा रिकामा. मग मी भाव त्याच्याइतकाच ठेवला, पैसाही कमी नाही, आणि महिन्याच्या किराणा यादीवर जोर दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाका, संध्याकाळी सामान घरात, मजला तिसरा असला तरी. त्याला हे जमेना, दुकानात तो एकटाच.

पण कार्लसनला जलद डावातले आपले आकडे माहीत होते. तुमचे तुम्हाला माहीत आहेत? गिऱ्हाईक कुठला माल भाव न विचारता घेतं, हे वहीत लिहिलंय? नसेल तर उद्यापासून पंधरा दिवस भाव न विचारता घेतलेल्या प्रत्येक वस्तूपुढे बिलावर एक टिक करा. समोरच्याच्या पाटीकडे नंतर बघू.